वाचकांचे प्रश्न : नदी, नाला आणि नगरपालिका

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. नदी घाण झाली आहे हे दिसते, नगरपालिका तिच्यावर खर्च करते हेही दिसते, मग पाणी का सुधारत नाही? त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे चार-चार पानांची होती. ती आटोपशीर केली आहेत, आशयाला हात लावलेला नाही.

प्रश्न : आमची नगरपालिका दर उन्हाळ्यात यंत्रे लावून नदीतील जलपर्णी काढते. महिनाभर पाणी मोकळे दिसते आणि मग पुन्हा काठापासून काठापर्यंत हिरवा थर पसरतो. हा खर्च शब्दशः पाण्यात जातो, असे म्हणावे काय?

उत्तर : सगळा जात नाही, पण बराचसा जातो. जलपर्णी हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. मैलापाण्यातून आणि शेतातून वाहून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ती पोसली जाते आणि उबदार, संथ पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. त्यामुळे खाद्य चालू ठेवून केवळ वनस्पती उपटत राहिल्यास ठेकेदाराचे काम कधीच संपणार नाही. तरीही ती काढण्यात अर्थ आहे, एका अटीवर : काढलेली जलपर्णी त्याच दिवशी नदीपासून दूर नेली पाहिजे. काठावर ढीग घालून ठेवली तर ती तिथेच कुजते, आणि पहिल्या पावसात तिच्यातील सारे पोषक द्रव्य पुन्हा नदीत उतरते. निविदेत ‘काढणे’ आणि ‘वाहून नेणे’ या दोन वेगळ्या बाबी आहेत का, हे एकदा पाहून घ्यावे.

मूळ दुखणे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो आणि तो चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली उतरला की बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. घरगुती मैलापाणी कुजताना लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू मागते; या मागणीलाच पालिकेच्या कागदपत्रांत ‘बीओडी’ म्हटलेले असते. याचा अर्थ, नाल्यातून आलेले एक लिटर मैलापाणी तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू फस्त करू शकते. वाहते पाणी हवेतून थोडा प्राणवायू परत मिळवते हे खरे, परंतु उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि नाल्याची तेवढीच राहते, तेव्हा हा हिशेब जुळत नाही.

नाला नदीला जिथे मिळतो तिथे सकाळी साडेसातच्या सुमारास एकदा जाऊन उभे राहावे. घरोघरच्या आंघोळी आणि धुणी एकाच वेळी चाललेली असल्याने पाणी चढलेले असते, रंग राखाडी असतो आणि कडेला साबणाची साय धरलेली असते. पाण्याखालच्या दगडांना चिकटलेले, ओल्या कापसाच्या पेळूसारखे करड्या रंगाचे झुबके प्रवाहात हलताना दिसले, तर ते शेवाळ समजू नये. शेवाळ बहुधा हिरवे असते. हे झुबके मैलापाण्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात आणि ते दिसले की त्या नाल्याला ‘पावसाळी नाला’ म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. नदीच्या पात्रात यंत्रे उतरवण्यापूर्वी पालिकेने असे किती नाले मोजले आहेत, हा पहिला प्रश्न असायला हवा.

प्रश्न : शहरात मलजल शुद्धीकरण केंद्र उभे राहून सहा वर्षे झाली. त्याची क्षमता शहराच्या गरजेपेक्षा जास्त आहे, असे प्रत्येक सभेत सांगितले जाते. तरीही नदी काळीच आहे. केंद्र बंद आहे की आकडे खोटे आहेत?

उत्तर : दोन्ही नसतानाही नदी काळी राहू शकते. क्षमता म्हणजे हंड्याचे माप. त्यात पाणी किती पडते, हा वेगळा प्रश्न आहे. केंद्र एका ठिकाणी बांधता येते, त्यासाठी जागा, निधी आणि कोनशिला एवढे पुरते. परंतु प्रत्येक घराच्या संडासापासून तिथपर्यंत वाहिनी नेण्यासाठी गल्ल्या खणाव्या लागतात, रहदारी अडवावी लागते, लोकांचे शिव्याशाप खावे लागतात. म्हणून केंद्र आधी होते आणि वाहिन्या मागे राहतात. मधल्या काळात मैलापाणी जवळच्या नाल्यातून थेट नदीत जाते आणि केंद्र अर्धेमुर्धे रिकामे चालते. जिथे मैलावाहिनी आहे तिथेही कित्येक इमारतींची जोडणी चुकून, किंवा सोय म्हणून, पावसाळी गटारात केलेली असते.

पाणी केंद्रापर्यंत पोहोचले तरी काम संपत नाही. आज जगभर सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत, म्हणजे मैलापाण्यात सतत हवा सोडून त्यातील जिवाणूंनाच घाण खायला लावण्याची पद्धत, ही एका नगरपालिकेच्या खात्यात जन्मली, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. मँचेस्टर महापालिकेच्या नदी विभागाच्या डेव्हीह्यूम येथील केंद्रात काम करणाऱ्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये ती जाहीर केली. त्यांची युक्ती अशी की हवा दिल्यावर तळाशी बसणारा गाळ फेकून न देता तोच पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळायचा. त्यात भुकेले जिवाणू आयते तयार असतात, त्यामुळे जे काम व्हायला आधी कित्येक दिवस लागत ते काही तासांत उरकते. पण हे जिवाणू म्हणजे पाळलेले जनावर आहे. त्यांना चोवीस तास हवा लागते, आणि केंद्राच्या वीजवापरातील अर्ध्याच्या आसपास किंवा अधिक वाटा केवळ हवा सोडण्यावर जातो. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री हवेची यंत्रे बंद ठेवली, की सकाळपर्यंत जिवाणू गुदमरू लागलेले असतात आणि केंद्र कागदोपत्री ‘चालू’ राहते.

याची परीक्षा प्रयोगशाळेविनाही होते. नागरिकांच्या गटाला केंद्र पाहण्याची परवानगी मिळाली, तर हवेच्या टाकीतील पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरायला सांगावे आणि ते अर्धा तास न हलवता ठेवावे. प्रकृती चांगली असेल तर तपकिरी, मातकट गाळ पुंजके धरून सावकाश खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहते आणि वास ओल्या मातीसारखा येतो. गाळ काळा असेल आणि कुजक्या अंड्यांचा वास येत असेल, तर हवा पुरत नाही. गाळ मुळी जमतच नसेल, पाणी फक्त किंचित गढूळ दिसत असेल, तर टाकीत जिवाणू फारसे नाहीतच. पाणी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने तसेच जाते. केंद्रातील कामगार ही चाचणी रोज करतात, निदान करायला हवी, आणि तिची नोंदवही असते.

माझ्या मते सर्वांत बोलकी नोंद मात्र गाळाची आहे. मैलापाणी शुद्ध झाले की गाळ तयार होणारच, आणि तो वाळवून किंवा दाबून गाड्या भरून बाहेर जायला हवा. वर्षभरात केंद्रातून किती गाड्या गाळ गेला आणि कुठे गेला, हे विचारावे. गाड्या गेल्याच नसतील तर तो गाळ बहुतेक पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नदीत सोडला गेला आहे, किंवा पाणी शुद्धच झालेले नाही. तिसरी शक्यता मला अद्याप कोणी पटवून दिलेली नाही.

प्रश्न : नाल्यात विशिष्ट जिवाणूंचे द्रावण टाकून पाणी जागच्या जागी शुद्ध करण्याचा प्रस्ताव आमच्या पालिकेपुढे आला आहे. याचा उपयोग होतो का?

उत्तर : मैलापाण्यात जिवाणूंची वाण कधीच नसते; वाण असते ती प्राणवायूची आणि वेळेची. साठलेल्या तळ्यात, सोबत हवा सोडण्याची व्यवस्था असेल तर, अशा उपायांनी वास कमी होऊ शकतो. वाहत्या नाल्यात टाकलेले द्रावण तासाभरात नदीत पोहोचलेले असते. प्रस्ताव मंजूर करायचाच असेल तर पैसे द्रावणाच्या लिटरवर न देता नाल्याच्या टोकाशी मोजलेल्या बीओडीवर द्यावेत, एवढी एक अट घालून पाहावी. पुरवठादाराचा उत्साह त्यावरून कळेल.

प्रश्न : नदी आमच्या गावात येण्यापूर्वीच वरच्या मोठ्या शहराने ती नासवलेली असते. मग आमच्या छोट्या पालिकेने शुद्धीकरणावर पैसा का खर्च करावा? आणि वरच्या शहराला जाब कोण विचारणार?

उत्तर : हा वाद जुना आहे. आपली घाण पुढे ढकलणे म्हणजे ती नाहीशी करणे, असे भल्याभल्या महापालिकांनी मानले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला एवढी दुर्गंधी सुटली, की लंडनच्या संसद भवनाचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे दुर्गंधी मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, भिजवून टांगावे लागले. खासदारांच्या नाकाशी प्रश्न आल्यावर कायदा त्याच ऑगस्टमध्ये संमत झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला पैसा मिळाला. त्यांनी नदीला समांतर मोठ्या वाहिन्या बांधून शहरभरचे मैलापाणी पूर्वेला नेले, आणि तिथे ते ओहोटीच्या वेळी शुद्ध न करताच नदीत सोडले जाऊ लागले. मध्य लंडनच्या नाकाची आणि आरोग्याची सुटका झाली, पण घाण राहिली ती नदीतच. १८७८ मध्ये त्या सोडण्याच्या जागांजवळच ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा आजूबाजूचे पाणी कसले होते याची उघड चर्चा झाली. त्यानंतर काही वर्षांनी घन गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकायला सुरुवात झाली. आधी शेजाऱ्याकडे, मग समुद्राकडे.

शिकागोने तर नदीची दिशाच फिरवली. शहराचे पिण्याचे पाणी मिशिगन सरोवरातून येई आणि मैलाही नदीवाटे त्याच सरोवरात जाई. म्हणून १९०० मध्ये कालवा खोदून नदी उलटी, मिसिसिपीच्या दिशेने वळवली गेली. खालच्या अंगाचे मिसूरी राज्य न्यायालयात जाणार हे दिसत असल्याने पाणी जानेवारीच्या आरंभीच गुपचूप सोडण्यात आले. दावा झालाच, आणि १९०६ मध्ये मिसूरी तो हरले. आपल्याकडील विषमज्वर शिकागोच्या मैल्यामुळेच होतो हे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि मिसूरीतील शहरे स्वतःही त्याच नदीत मैला सोडत होती, याचाही न्यायालयाने उल्लेख केला. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर इथे आहे. ज्याचे हात स्वतःच मळलेले आहेत, त्या पालिकेची तक्रार कोणत्याही दरबारात अर्धी हरलेली असते.

याउलट १८५८ मधील बर्मिंगहॅमचा खटला पाहा. टेम या छोट्या नदीच्या काठच्या एका जमीनदाराच्या तक्रारीवरून न्यायालयाने बर्मिंगहॅमच्या पालिकेला मनाई केली. अडीच लाख लोकांच्या शहराची सोय हा एका माणसाचा हक्क तुडवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे ठरले. त्यानंतर पालिकेला मैल्याचे काहीतरी करणे भाग पडले. पुढे त्या खोऱ्यातील गावांचे एक संयुक्त मंडळ झाले, आणि माझ्या दृष्टीने खटल्यापेक्षाही तो धडा मोलाचा आहे.

कारण नदीला पालिकांच्या हद्दी कळत नाहीत. जर्मनीच्या रूर भागातील एम्शर नदीचे उदाहरण सर्वांत टोकाचे म्हणता येईल. खाली कोळशाच्या खाणी असल्याने जमीन खचत असे आणि भूमिगत वाहिन्या टिकत नसत. तेव्हा १८९९ मध्ये काठावरची शहरे, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक सहकारी संघ स्थापन केला आणि नदीचेच सरळ, बंदिस्त काठांचे उघडे गटार करून टाकले. म्हणजे संघ आधी प्रदूषणासाठी झाला, असे म्हटले तरी चालेल. परंतु खाणी बंद पडून जमीन स्थिरावल्यावर १९९२ पासून त्याच संघाने उलटे काम हाती घेतले. मैलापाण्यासाठी ५१ किलोमीटर लांबीची भूमिगत मुख्य वाहिनी बांधली गेली आणि २०२१ च्या अखेरीपासून एम्शरमध्ये मैलापाणी जात नाही. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात गेला. इतका पैसा आणि इतकी वर्षे कोणत्याही एका पालिकेला झेपली नसती. पण संघात प्रत्येकाची वर्गणी ठरलेली होती, आणि खालच्या गावाला वरच्या गावाशी भांडण्याऐवजी त्याच टेबलावर बसून मत देता येत होते. आपल्या पालिकेने वरच्या शहराला पत्रे लिहिण्याबरोबर खोऱ्यातील सर्व पालिकांच्या संयुक्त यंत्रणेची मागणी ठरावाने करावी, आणि ती करताना आपल्या हद्दीतील नाल्यांच्या मोजणीचे कागद सोबत जोडावेत.

प्रश्न : नदीकाठ सुशोभीकरणाला आमच्या पालिकेने शुद्धीकरणापेक्षा अधिक निधी दिला आहे. लोकांना काठावर आणले की नदी आपोआप स्वच्छ राहील, असा युक्तिवाद केला जातो.

उत्तर : लोक काठावर आले की ते नाक दाबून परत जातात, आणि कधी कधी त्यातून दबाव निर्माण होतो, इतपत युक्तिवाद मान्य करता येईल. लंडनमधील व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा देखणा काठ १८७० मध्ये खुला झाला, पण त्याच्या पोटात बॅझलजेट यांची मुख्य मैलावाहिनी आहे. वरचा रस्ता आणि बाग ही त्या कामाची पाठ होय. आपल्याकडील आराखड्यात भिंतीच्या आत काय आहे, हे पाहावे. सोल शहराने रस्त्याखाली गाडलेला चोंग्ग्येचोन हा ओढा २००५ मध्ये पुन्हा खुला केला, त्याचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्तही आहे. मात्र त्यातील बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेले असते. ओढ्याचे रूप परत मिळाले, प्रवाह विजेवर चालतो.

प्रश्न : पालिका म्हणते, धीर धरा, अशा कामांना वेळ लागतो. किती वेळ वाजवी समजावा? आणि कारखान्यांवर पालिकेचा अधिकारच नसेल तर तिला दोष तरी का द्यावा?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराची कायाहोगा नदी २२ जून १९६९ रोजी पेटली. पाण्यावरच्या तेलाने पेट घेतला होता, आग अर्ध्या तासात विझली आणि त्या शहराला अशा आगी नव्याही नव्हत्या. १९५२ ची आग याहून कितीतरी मोठी होती. वेगळेपण होते ते महापौरांच्या वागण्यात. कार्ल स्टोक्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना नदीकाठी नेऊन सांडपाण्याची तोंडे दाखवली. त्यात शहराच्या स्वतःच्या मैलावाहिन्याही होत्या, आणि त्याविषयी त्यांना तोंड लपवावे लागले नाही, कारण आगीच्या सात महिने आधीच, नोव्हेंबर १९६८ मध्ये, शहराच्या मतदारांनी नदीच्या सफाईसाठी दहा कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिलेली होती. कारखान्यांना परवाने राज्य सरकार देते आणि शहराचा त्यावर अधिकार चालत नाही, ही त्यांची तक्रार म्हणूनच ऐकली गेली. १९७२ मध्ये देशव्यापी कायदा झाला, त्यामागे ही नदीही होती. अधिकार नाही हे पालिकेचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. परंतु कोणत्या तोंडातून, कोणत्या वेळी, कोणत्या रंगाचे पाणी येते याची नोंद ठेवायला आणि ती जाहीर करायला कोणत्याही अधिकाराची गरज लागत नाही. शिवाय कारखान्याचे पाणी पालिकेच्या मैलावाहिनीत येत असेल, तर ती जोडणी देणारी पालिकाच असते.

आता वेळेविषयी. एम्शरला तीस वर्षे लागली. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहण्यास १९२३ पासून बंदी होती. जाक शिराक यांनी महापौर असताना आपण स्वतः नदीत पोहून दाखवू असे आश्वासन दिले आणि ते राहून गेले. अखेर महापौर आन इदाल्गो जुलै २०२४ मध्ये नदीत उतरल्या, त्याही सुमारे १.४ अब्ज युरोंच्या कामांनंतर. त्या कामांतले सर्वांत गाजलेले म्हणजे ओस्तरलिट्झ रेल्वे स्थानकाजवळचे ५० हजार घनमीटरचे भूमिगत टाके. जोराच्या पावसात मैला आणि पाऊस एकत्र होऊन नदीत उसळू नये म्हणून ते पाणी तात्पुरते साठवायचे. पण तितकेच महत्त्वाचे काम फारसे कोणी छायाचित्रात टिपले नाही : वरच्या अंगाच्या उपनगरांत दारोदार जाऊन, ज्या घरांचा मैला चुकून पावसाच्या वाहिनीत जात होता त्या जोडण्या शोधणे आणि बदलून घेणे. एवढे करूनही ऑलिंपिकच्या वेळी पावसामुळे पुरुषांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत, एक दिवस पुढे ढकलावी लागली.

तेव्हा संपूर्ण नदीसाठी पंधरा-वीस वर्षे हा काळ मला अवाजवी वाटत नाही. अवाजवी वाटते ती मधल्या टप्प्यांबद्दलची शांतता. चुकीच्या जोडण्या शोधणे हे काही महिन्यांचे काम आहे : नाल्याच्या उगमाकडे चालत जायचे, प्रत्येक फाट्याशी कोरड्या दिवसातही पाणी वाहते का ते पाहायचे, संशय आलेल्या इमारतीच्या संडासात निरुपद्रवी रंग टाकून तो कुठे बाहेर पडतो याची वाट पाहायची. यासाठी लागतात दोन माणसे, एक नकाशा आणि थोडा रंग. मैला उपसणारे टँकर रात्री कुठे रिकामे होतात याची नोंद ठेवायला त्याहूनही कमी लागते. केंद्राचे आणि नाल्यांचे आकडे महिन्याच्या महिन्याला पालिकेच्या फलकावर लावणे तर उद्यापासून शक्य आहे. पॅरिसने २०२५ च्या जुलैमध्ये तीन ठिकाणी लोकांसाठी सेन खुली केली तेव्हा पाण्याची तपासणी रोज होईल अशी व्यवस्था ठेवली, आणि पावसानंतर आकडे चढले की त्या दिवशी पोहणे बंद.